विहीर कोणी आटवली?

रावेर तालुक्यात उन्हाळ्याच्या दिवसांत कोणत्याही पारावर, कोणत्याही लग्नमंडपात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘पाणी खाली गेले.’ त्याच्या मागोमाग ‘विहीर आटली’, ‘बोअर बंद पडली’, ‘बाग गेली’ ही वाक्ये येतात. वाक्ये खरी आहेत, त्यांमागचे दुःखही खरे आहे. पण त्यांत पाणी आपणहून खाली जाते, विहीर आपणहून आटते. तोच शेतकरी घड भरघोस आल्यावर मात्र म्हणतो, ‘बाग मी लावली, मी जोपासली.’ यशाच्या वाक्यात ठसठशीत उभा असलेला कर्ता अपयशाच्या वाक्यातून मात्र नाहीसा होतो.

हा दोष एकट्या केळीउत्पादकाचा नाही. परीक्षेत मुलगा ‘उत्तीर्ण होतो’ आणि नापास मात्र त्याला ‘मास्तर करतात’. व्यापार नफ्यात असला तर ते कर्तृत्व ठरते, बुडाला तर ग्रहदशा. तथापि रावेरच्या शिवारात या सवयीची किंमत फुटाफुटाने मोजता येते, म्हणून हे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

प्रथम न्यायाची गोष्ट. शेतकऱ्याच्या आयुष्यात त्याच्या हाती नसलेले पुष्कळ असते. वैशाखातल्या वादळाने उभ्या बागा क्षणात आडव्या होतात. पारा ४५ अंशांकडे गेला की पाने करपतात आणि घड सटकतात. विषाणूजन्य रोगाने लागवडीनंतर काही आठवड्यांतच रोपे उपटून टाकण्याची पाळी येते. भाव तर दूरच्या बाजारात ठरतो. या आपत्तींत सापडलेल्या माणसाला ‘तुझे तूच निस्तर’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, तो निर्दयपणा आहे. तेथे शासनाने, विमा कंपनीने आणि समाजाने धावून जाणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

परंतु भूजलाचा प्रश्न या यादीत बसत नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. या भागात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर आकाशातून येणारे पाणी साधारण २८ लाख लिटर. त्यातले काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते. केळीची वर्षाची गरज १,८०० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे एकरी सुमारे ७२ लाख लिटर. मधली तूट जमिनीखालून येते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा सच्छिद्र पट्टा आहे. डोंगरावरून येणारे पाणी तो पिढ्यान्‌पिढ्या पोटात साठवत आला. आजोबांच्या मोटेला आणि वडिलांच्या इंजिनाला त्याने पाणी दिले. नातवाच्या विद्युत्‌पंपाने मात्र ठेवीवरच्या व्याजाला नव्हे, मुद्दलालाच हात घातला. रावेर आणि यावल हे तालुके अतिउपशाच्या यादीत गेले ते दुष्काळी भूमी म्हणून नव्हे, तर पाण्याने समृद्ध असलेल्या भूमीतून मर्यादेबाहेर उपसा झाला म्हणून.

जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचनाचा प्रसार हाती घेतला. पुढे ऊतीसंवर्धित रोपे आली आणि खानदेशच्या केळीचे रूप पालटले. पाटाने पाणी देणारा शेतकरी थेंबाचा हिशेब करू लागला, हे त्याच्या उद्यमशीलतेचेच लक्षण. पण वाचलेले पाणी जमिनीत राहिले काय? बहुतेक ठिकाणी त्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढली. तंत्राने काटकसर शिकवली, संयम शिकवला नाही. संयम हा यंत्राचा गुण नाही. तो माणसाच्या अंगी असावा लागतो.

‘सरकार काय करते?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने खोल विहिरींवर निर्बंध घातले. त्यांची अंमलबजावणी किती झाली, हे गावोगावी दिसतेच. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात २०२५ च्या मे महिन्यात झाला. ही योजना वर्षानुवर्षे केवळ चर्चेत होती, आता ती वेगाने पूर्ण व्हावी. मात्र ती पूर्ण झाली तरी पुनर्भरणाहून उपसा अधिक राहिला, तर फुटक्या रांजणात पाणी ओतल्यासारखे होईल. प्रत्येक कूपनलिकेपाशी शासन पहारेकरी उभा करू शकत नाही. तो पहारा मालकाच्या मनातच बसवावा लागतो.

येथे ‘कर्म’ या शब्दाचे स्मरण उचित ठरेल. लोकव्यवहारात ‘कर्मात होते ते झाले’ म्हणत आपण त्या शब्दाला दैवाचा समानार्थी करून टाकले. वस्तुतः कर्म म्हणजे केलेली कृती. १९३२ साली याच खानदेशात, धुळ्याच्या कारागृहात, विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. भिंती परकीय सत्तेच्या होत्या, वेळापत्रक तुरुंगाधिकाऱ्याचे होते. तरीही त्या दिवसांचे काय करायचे, हे त्या माणसांनी स्वतः ठरवले. ज्या गीतेचा सहावा अध्याय माणसाच्या उद्धाराचा भार माणसावरच टाकतो, तिचे श्रवण बंदिवासात व्हावे, याहून बोलके भाष्य कोणते?

राष्ट्रजीवनालाही हाच नियम लागू आहे. १९२५ मध्ये नागपूरला संघाची स्थापना करताना डॉ. हेडगेवारांपुढे प्रश्न होता तो परके बलवान का, हा नव्हे, तर स्वकीय दुर्बल का, हा. शत्रूला दोष देऊन न थांबता समाजाने स्वतःचे दोष पाहावेत, ही त्या कार्याची पहिली पायरी होती. जो दोष स्वतःचा म्हणून मान्य केला, तोच स्वतःच्या हातांनी दूर करता येतो. दोष दुसऱ्याच्या पदरी घातला की उपायही त्याच्याच हाती जातो.

म्हणून रावेरच्या शेतकऱ्याने आपल्या वाक्यात कर्ता परत आणावा. ‘विहीर आटली’ऐवजी ‘विहीर आम्ही आटवली’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. ही आत्मनिंदा नव्हे, अधिकारग्रहण आहे. ज्याने आटवली तो भरूही शकतो. केंद्रीय भूजल मंडळाने शेजारच्या यावल तालुक्यात पाझर तलाव आणि पुनर्भरणाचे प्रयोग केलेले आहेत, त्यांतून मार्ग दिसतो. पावसाळ्यातले नाल्याचे पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडणे, ठिबकने वाचलेल्या पाण्यावर नवी बाग न वाढवणे, एखाद्या तुकड्यावर कमी पाण्याचे पीक घेणे, शेजाऱ्याहून खोल जाण्याची स्पर्धा थांबवणे, हे सारे उद्यापासून करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. भूजलाला बांध नसतो, तेव्हा हे काम एकट्याने पुरे होणार नाही, हे खरे. पण गावाने ते करावे, यासाठी आधी एकाने आरंभ करावा लागतो.

नातवाला सातबारा मिळेलच. त्या उताऱ्यावर विहिरीची नोंदही असेल. नोंदीतल्या विहिरीत पाणी असेल की नाही, हे मात्र आज पंपाची कळ दाबणारा हात ठरवील.