दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे

तबलजीचं काम दोन हातांवर भागतं. पायपेटीवाल्याला हातांच्या जोडीला पायही हलवावे लागतात. पण दोन्ही हात, दोन्ही पाय आणि वर दोन्ही गुडघे एकाच वेळी कामाला जुंपणारं वाद्य तुम्ही पाहिलं आहे का? त्याचं नाव पेडल स्टील गिटार. अमेरिकेतल्या कंट्री संगीताची एखादी ध्वनिफीत तुम्ही ऐकली असेल, तर गायकाच्या मागे लांबवर कुणी हुंदका आवरत असल्यासारखा एक सूर ओघळत जातो, तो याच वाद्याचा. नाव गिटार असलं तरी गिटारशी याचं नातं चुलतभावाइतकंच. चार पायांवर उभं असलेलं हे एक अरुंद टेबल असतं. त्यावर दहा तारा आडव्या ताणलेल्या असतात आणि वादक त्यापुढे स्टुलावर बसतो, शिवणयंत्रापुढे बसावं तसा.

शिवणयंत्राची उपमा उगाच दिली नाही, मंडळी. खाली पायाशी तीन किंवा अधिक पेडल्स असतात. त्यांच्या सळ्या वर जाऊन तारांना ओढतात किंवा सैल सोडतात. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे दांडे लटकतात. गुडघा डावीकडे नेला की एक तार चढते, उजवीकडे नेला की दुसरी उतरते. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. तार छेडल्यावर तिचा आवाज विरू लागतो, तसतसं हे पेडल हळूहळू दाबायचं, म्हणजे सूर विरता विरता तरून राहतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दंडगोल, वजन पाव किलोच्या आसपास. तो तारांवर ठेवून सरकवायचा. खाली पट्ट्यांच्या जागी नुसत्या रेघा आखलेल्या असतात. साध्या गिटारवर बोट पट्टीच्या जरा मागे पडलं तरी चालतं. इथे दंडगोल रेघेच्या बरोबर वर हवा. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर.

आता या पेडल्सची गंमत आपल्या सरगमीत सांगतो, म्हणजे लगेच कळेल. नॅशव्हिलच्या पद्धतीने तारा लावल्या, ज्याला तिथे ‘ई नाइन्थ’ म्हणतात, की मधल्या तीन तारा छेडल्यावर सा, ग आणि प एकत्र वाजतात. आता डाव्या पायाने पहिली दोन पेडल्स दाबा. पहिल्याने पंचमाचा धैवत होतो, दुसऱ्याने गंधाराचा मध्यम. षड्ज जागचा हलत नाही. म्हणजे सा-ग-प पाहता पाहता सा-म-ध होतात, आणि तेही तारा वाजत असतानाच. मींड आपल्याला नवी नाही. सतारीवर, सारंगीवर आपण ती रोज ऐकतो. पण एक सूर खांबासारखा स्थिर उभा आणि त्याला धरून दुसरे दोन सूर वर चढताहेत, ही चीज निराळी आहे. माणसं या वाद्याच्या नादी लागतात ती बहुतेक या एका करामतीपायी.

याचा जन्म मात्र नॅशव्हिलचा नव्हे, हवाई बेटांवरचा. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवायला सुरुवात केली, असं सांगतात. रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेल्या बोल्टाची कथाही त्याला जोडलेली आहे. याच शोधासाठी आणखी एक नाव घेतलं जातं ते गॅब्रियल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या तरुणाचं. खरंखोटं कोण ठरवणार! विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरवण्याची कला आपल्याकडे होतीच, एवढं आपण लक्षात ठेवू या. पुढे हवाईयन गिटार कोलकात्यात आली आणि तिथून हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर पोचली. व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली ही नावं घरातल्या जुन्या मंडळींना विचारून पाहा. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे, ती काब्रांची. विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये मोहनवीणेने ग्रॅमी मिळवून दिलं, ती शाखाही याच झाडाची.

अमेरिकेत या गिटारला वीज मिळाली, पाय मिळाले, आणि १९४० च्या सुमारास पेडल्सही मिळाली. पण सुरुवातीला पेडल म्हणजे मोटारीचा गिअर. एका गाण्याआधी दाबायचं, तारांची जुळणी बदलायची आणि मग वाजवायचं. बड आयझॅक्स या वादकाने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं. १९५४ मध्ये ते गाणं गाजलं आणि देशभरचे स्टील वादक रेडिओला कान लावून बसले, की हा आवाज काढला तरी कसा? बऱ्याच जणांनी मग आपापल्या वाद्याला पेडल्स बसवून घेतली. त्यानंतर बडी एमन्स आला. आयझॅक्सच्या एका पेडलचं काम त्याने दोन पेडल्समध्ये वाटून टाकलं. वर सांगितलेली पंचमाची आणि गंधाराची वेगवेगळी चढण, ती ही. एमन्स २०१५ मध्ये वारला. त्याच्या पद्धतीवर आजही नवशिके बसतात.

नवशिक्यावरून आठवलं, आपला खरा विषय तोच आहे.

हे वाद्य बहुधा कुणी लहानपणी धरत नाही. चाळिशी-पन्नाशीला आलेला माणूस, आधी साधी गिटार वा बॅन्जो वाजवून झालेला, एके दिवशी हा आवाज मनात घेऊन बसतो. विकत घ्यायला जावं तर कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. बनवणारे थोडे, किंमत भारी. जुनं वाद्य घ्यावं तर त्यातल्या सळ्या, दांडे, स्प्रिंगा पाहून घड्याळजीच्या टेबलाची आठवण व्हावी. आणि पहिलाच प्रश्न असा येतो, की एमन्सची मांडणी की डेची? जिमी डे नावाचा दुसरा थोर वादक तीच पेडल्स उलट्या क्रमाने लावीत असे. नवशिक्याला दोन्हींतलं काही माहीत नसतं. तरी निवड त्यालाच करायची, आणि पाऊल एकदा वळलं की त्याला दुसरी सवय लावणं जिवावर येतं.

मग सुरू होतात ते महिने. घरच्यांना मांजर ओरडतंय असं वाटतं. तार छेडणं हा त्यातला सोपा भाग. नको असलेली तार गप्प करणं हा अवघड. तळहाताच्या कडेने तारा दाबून प्रत्येक सूर वेळेवर संपवायचा, नाहीतर सगळ्याचा नुसता गोंगाट. डाव्या हाताची मागची बोटं दंडगोलाच्या पाठीमागे तारांवर टेकलेली हवीत. घोटा किंचित कलता करून दोन पेडल्सपैकी एकच सोडायचं. आवाजाचं पेडल तार छेडण्याआधी उचललेलं हवं. हे सगळं एकाच क्षणी! शरीराचा प्रत्येक अवयव आपापल्या तालात चाललेला, आणि डोकं बिचारं मध्ये उभं राहून वाहतूक आवरतंय. ज्याने आपल्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं घालवली, ज्याचं कचेरीत चार माणसं ऐकतात, त्याला इथे बालवाडीत बसायला लागतं. बरेच जण वर्षाच्या आत वाद्य विकून मोकळे होतात, असं जाणते वादक सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

जेरी गार्सियाचं उदाहरण पाहा. ग्रेटफुल डेड या गाजलेल्या चमूचा तो गिटारवादक. १९६९ मध्ये त्याने पेडल स्टील घेतली आणि थोड्याच काळात क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांच्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मध्ये ती वाजवली. त्या गाण्यातली स्टील ऐकून कितीतरी लोक या वाद्याकडे वळले. गार्सियाने मात्र काही वर्षांतच ती बाजूला ठेवली. दोन वाद्यांना पुरेसा वेळ द्यायचा तर दिवसाचे तास कमी पडतात, आणि हे वाद्य सवत खपवून घेत नाही.

टिकतात कोण? माझ्या मते, ज्यांना दुसरा वादक भेटतो ते. संगीतात गुरू लागतोच, त्यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. पण इथली गोष्ट थोडी वेगळी आहे. या वाद्यात हातांपुरतीच विद्या नसते. टेबलाच्या खालची यंत्रणाही शिकावी लागते. कुठलं पेडल कुठल्या तारेला किती ओढतं, याच्या मांडणीला ते ‘कोपेडेंट’ म्हणतात आणि ती माणसागणिक थोडी वेगळी असते. म्हणून दोन स्टील वादक भेटले की रामराम झाल्यावर वाद्य उलटं करून खालची बाजू दाखवतात! आपल्याकडे अस्ताई-अंतरा कुणाच्या कानी पडू नये म्हणून दार लावून रियाज करणाऱ्या खाँसाहेबांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. इथे उलटा कारभार. अमुक सूर कसा काढला असं विचारलं, तर समोरचा पँट गुडघ्यावर ताणून दांडा कसा ढकलायचा ते दाखवतो.

सेंट लुईस शहरात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या ड्विट स्कॉट यांनी याच वृत्तीतून वादकांचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरवलं, आणि ते कित्येक वर्षं चाललं. हॉटेलच्या सभागृहात एकामागून एक वादक, आणि समोर बसलेल्यांत निम्म्याहून अधिक स्वतः वाजवणारे. टाळी पडायची ती एखाद्या लहानशा वळणाला, जे साध्या श्रोत्याला कळलंही नसतं. स्टील गिटारच्या मानकऱ्यांची यादीही त्याच मंडळींनी ठेवली. हवाईच्या त्या केकुकूचं नाव तिथे १९९३ मध्ये लागलं, मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी. नवशिका अशा ठिकाणी जातो तेव्हा त्याला प्रथम कळतं, की आपल्याला जे जमत नाही ते समोरच्या पांढऱ्या केसांच्या माणसालाही तीन वर्षं जमत नव्हतं.

या विद्येची दुसरी शाळा अगदी निराळ्या ठिकाणी आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ‘हाऊस ऑफ गॉड’ या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजते. ट्रोमन ईसन हवाईयन पद्धत शिकले, त्यांचा धाकटा भाऊ विली याने ती पुढे नेली, आणि पेडल्स आली ती नंतर. तिथे पोरं मोठ्यांच्या शेजारी बसून, बघून, ऐकून शिकतात. रॉबर्ट रँडॉल्फ त्याच बाकावरून उठून जगभर गेला. नायजेरियातही हे वाद्य पोचलं. किंग सनी अडे यांच्या जुजू संगीतात डेमोला अडेपोजूची पेडल स्टील ढोलांच्या बरोबरीने बोलते. म्हणजे हे गोऱ्या शेतकऱ्यांचंच वाद्य, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. सुझन अल्कॉर्न या बाईंनी टेक्सासच्या कंट्री मैफिलींतून सुरुवात करून ते पार मुक्त संगीतात नेलं. २०२५ मध्ये त्या गेल्या.

जाणारे जाताहेत, हीच यातली चिंतेची बाब. ज्यांनी हे वाद्य घडवलं त्या पिढीतले बहुतेक आता नाहीत. कितीतरी जणांना हाताला धरून शिकवणारे जेफ न्यूमन २००४ मध्येच गेले. विनी विन्स्टन आणि बिल कीथ यांचं १९७५ चं पुस्तक आहे, त्यावर पिढ्या शिकल्या, पण घोटा किती कलवायचा हे पुस्तकात कितीही लिहिलं तरी कमीच. आज चाळिशीत शिकायला बसणारा माणूस स्वतःची हौस भागवतोच, पण एखाद्या म्हाताऱ्या वादकाच्या गुडघ्यात उरलेलं काही उचलूनही घेतो. त्याने अर्ध्यात सोडलं तर ते त्या म्हाताऱ्याबरोबर संपायचं.

आपल्याकडे कुणाला याचा ध्यास लागलाच, तर सरळ या वाद्याला हात घालू नये. आधी मांडीवरची हवाईयन गिटार घ्यावी. तिच्यावर रेघेवर अचूक थांबणं आणि तारा गप्प करणं जमलं, की निम्मं काम झालं. पुढचं पाऊल टाकताना तीन पेडल्स आणि निदान चार गुडघादांडे असलेलं वाद्य पाहावं. त्याहून कमी घेतलं तर वर्षभरात बदलावं लागतं. आणि तिसऱ्या तारेची दोन-चार जादा वेटोळी जवळ असू द्यावी. ती सगळ्यांत बारीक, सारखी ओढली जाणारी, आणि ऐन वेळी तुटते ती हीच. जुना वादक पेटी उघडतो तेव्हा नख्यांच्या डबीशेजारी ती वेटोळी असतातच. त्यातलं एखादं तो नवशिक्याला देऊन टाकतो, पैसे विचारलेत तर रागावतो.