मागे काय उरतं?

पेठ-सुरगाण्याच्या बैठकांत मी एक प्रश्न हमखास विचारते: सरकारचा पैसा गावात येऊन गेला, की मागे काय उरतं? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसा मिळाला. खडी फोडायला बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांची मजुरी आठवडी बाजारात फिरली. बंधाऱ्याने पाणी अडवलं, तिथे पीकही वाढलं. एकाच रुपयाने दोनदा काम केलं.

2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे दरमहा 1500 रुपये सुरू झाले. बाईच्या हातात स्वतःचा पैसा हवाच. पण त्यातून विहीर, पाळणाघर, दवाखाना उभा राहत नाही. महिला ग्रामसभेत हिशेब मागूया: किती आलं, कुठे गेलं, काय उरलं?