रक्तदाब मोजला, पुढे काय?

उच्च रक्तदाब हा बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसाचा आजार, हा समज मुंबईत अजूनही टिकून आहे. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील ३४ टक्के मुंबईकरांना हा विकार असल्याचे आढळले. म्हणजे तिघांमागे एक. इतके सुखवस्तू लोक या शहरात नाहीत.

वर्सोव्यात हा समज अधिकच फसवा ठरतो. यारी रोड, सात बंगला परिसरातील अनेक घरांत रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते. जवळच्याच वेसावे कोळीवाड्यात जाळी ओढणारा खलाशी आणि पहाटे मासळीच्या लिलावाला निघणारी कोळीण यांना मात्र अंगमेहनत हेच आपले संरक्षण वाटते. रक्तदाब १४०/९०च्या वर गेला तरी बहुधा काहीच दुखत नाही. त्यामुळे दवाखान्याची पायरी चढण्याचे कारणच उरत नाही.

मिठाबाबतचा सल्लाही सरसकट देऊन चालणार नाही. मुंबईकराच्या पोटात दिवसाला सरासरी ८.६ ग्रॅम मीठ जाते, मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पण 'सुके मासे सोडा' हे सांगणे कोळ्याला घर सोडा म्हणण्यासारखे आहे, आणि ते पुरतेसे खरेही नाही. वलांडीवर वाळणारा बोंबील सहसा मिठाविनाच सुकतो. दोष आहे तो खारवलेल्या मासळीचा. ती पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, तरी मीठ बरेच उतरते. पापड, लोणचे, फरसाण आणि वडापावाकडे मात्र कुणी बोट दाखवीत नाही.

खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. १७ मे रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनी, शिबिरे होतात, आकडा कागदावर लिहून दिला जातो आणि विषय तिथेच संपतो. कूपर रुग्णालय वर्सोव्यापासून लांब नाही. लांब आहे ती सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ, कारण नेमकी तीच मासळीविक्रीची वेळ. ऑक्टोबर २०२२पासून शहरात सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत सायंकाळच्या सत्राची कल्पना होती, ती याच कारणाने महत्त्वाची.

नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे जिल्हे प्रथम आले. त्याचे सूत्र साधे होते: ठरावीक, स्वस्त औषधे, एकदम महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. नवे यंत्र किंवा नवे औषध त्यात नव्हते. कित्येक दिवस समुद्रावर राहणाऱ्या खलाशाला आठवड्याच्या गोळ्या देणे म्हणजे उपचार मध्येच तोडणेच होय. बोटीवर पक्षाघाताचा झटका आला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळणे जवळपास अशक्य असते.

जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. पुरुष मंडळी घरी सापडण्याचा हाच काळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणी करून औषध सुरू केले, तर नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा निघण्यापूर्वी रक्तदाब आटोक्यात आला की नाही हे पाहण्यास आणि मात्रा बदलण्यास पुरेसे आठवडे हाती राहतात.