घरातला माणूस

माणूस गेला की छापून येतात ती त्याची पदं आणि पुरस्कार. घरातला नवरा, घरातला बाप त्यात सापडत नाही. या अंकात आम्ही त्यालाच शोधतो आहोत, कारण त्याच्या आठवणी सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.

सुरुवात बाबा आमटे यांच्यापासून. लग्नघरातून हळूच निघून, धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या मोलकरणीला हातभार लावणारी मुलगी त्यांनी पाहिली आणि अविवाहित राहण्याचा निश्चय मोडला. १९४६ साली साधनाताईंशी त्यांचं लग्न झालं. वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन उभं राहू लागलं तेव्हा त्यांचे मुलगे विकास आणि प्रकाश अगदी लहान होते. कुष्ठरुग्णांच्या वस्तीतच ते वाढले, डॉक्टर झाले आणि सेवेच्याच वाटेवर राहिले.

मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. तरी १९९० मध्ये ते नर्मदाकाठी राहायला गेले. साधनाताई सोबत होत्याच. हा संसार सोपा नव्हता. साधनाताईंनी ‘समिधा’ हे आत्मकथन लिहून ठेवलं म्हणून तो आपल्याला आतून कळतो, आणि आम्हाला ही घरातली साक्ष सर्वांत मोलाची वाटते.

तुमच्या वडिलांविषयी, पतीविषयी आम्हाला लिहा. नुसते गुण नकोत. एखादी सवय, एखादं भांडणही येऊ द्या. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.