नवले पूल : ड्रायव्हर मेला, मालक कुठे आहे?

१३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उताराने येणारा मालट्रक एकामागून एक गाड्यांना धडकला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडली, आग भडकली. आठ जण गेले. त्यात ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनरही होते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर अशीच गाड्यांची रांग चेचली गेली होती. दोन्ही वेळा पहिली बातमी एकच : ब्रेक फेल!

ब्रेक फेल म्हटले की मालक सुटला, असा समज आहे. तो खोटा आहे. मुंबईच्याच एका लॉरीच्या प्रकरणात, मिनू मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की बिघाड छुपा होता व वाजवी काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकानेच सिद्ध करायचे. ड्रायव्हर मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो. मालकावरचा आणि विमा कंपनीवरचा भरपाईचा दावा संपत नाही.

दहा गाड्या धडकल्या की दहा विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि विधवा तारखा मोजत बसते. वास्तविक मृताची स्वतःची चूक नसेल, तर दोषी वाहनांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. वाटणी त्यांनी आपसात करावी. खेन्येई प्रकरणात २०१५ मध्ये हे स्पष्ट झाले आहे. (समोरचा वकील हे तुम्हाला सांगणार नाही.)

गोरेगावात बसून मी हे लिहितो, कारण १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी आपल्या वस्त्यांतून टेम्पो निघतात. बायका-मुले मागच्या हौद्यात, पहाटेची थंडी, बोरघाट, मागेपुढे ट्रेलर. बांधवांनो, आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये काय म्हटले ते माहीत असू द्या. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाचा भार त्या गाडीच्या विमा कंपनीवर येत नाही. भाडे दिले म्हणूनही फरक पडत नाही. मग उरतो टेम्पोचा मालक, आणि तो बहुधा आपल्यासारखाच कर्जात बुडालेला. धडक देणाऱ्या ट्रकचा दोष असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे मागता येते, पण टेम्पो एकटाच उलटला तर? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, प्रवासी परवान्याची बस करा.

अपघात पुणे जिल्ह्यात झाला तरी दावा मुंबईत, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दाखल करता येतो. कलम १६६ तशी मुभा देते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्या भरवशावर राहू नका. तेराव्याच्या खर्चाआधी एफआयआर, पंचनामा आणि सर्व गाड्यांच्या विमा पॉलिसींच्या प्रती हातात घ्या.

राहिले ड्रायव्हर-क्लीनर. वर्तमानपत्रांनी त्यांना आरोपी म्हणून निकालात काढले. पण नोव्हेंबर २०२५ मधल्या त्या अपघातावेळी लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने, कामावर असताना मृत्यू आला तर कामगाराची स्वतःची चूक हा मालकाचा बचाव होत नाही. ट्रकमध्ये माल किती भरला, ब्रेक शेवटचे कधी तपासले, ड्रायव्हर किती तास झोपला नव्हता, याची उत्तरे मालकाच्या कागदांत आहेत. ते कागद न्यायाधिकरणापुढे मागवून घेण्याचा अर्ज वारसाच्या वकिलाने पहिल्याच तारखेला द्यावा.