दुसऱ्याच्या दाराची कडी

पावसाळ्यात नाशिकमध्ये वीज जाऊन परत आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "नेट आले का?" मग कोणी एखादे संकेतस्थळ उघडून पाहतो, कोणी वेग मोजणारे पान उघडतो आणि ज्याला थोडी अधिक माहिती आहे तो संगणकाला आज्ञा देतो : पिंग ८.८.८.८. उत्तर आले की समाधान! पण हे उत्तर दिले कोणी आणि ते देण्याचे त्याला कारण काय, हा विचार सहसा कोणी करत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज मला तो तुमच्यासमोर मांडायचा आहे.

'पिंग' हा छोटा कार्यक्रम माइक मूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीतील सोनार यंत्र ध्वनीचा ठोका सोडते व प्रतिध्वनी येण्यास लागणारा वेळ मोजते. त्यावरूनच हे नाव आले. आपला संगणक दूरच्या संगणकाला एक चिमुकला संदेश पाठवतो, तो संगणक तसाच संदेश परत करतो आणि जाण्यायेण्याचा वेळ आपल्याला कळतो. म्हणजे दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवायची आणि आतून 'ओ' आली की आपला रस्ता ठीक आहे असे समजायचे.

एकदा कडी वाजवल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना पिंगच्या वेळांची नोंद ठेवणारा एक नमुना कार्यक्रम लिहून दिला. त्यात एका संशोधन संस्थेच्या सर्व्हरचा पत्ता उदाहरण म्हणून घातला. 'हा पत्ता बदला' असे सांगायचे राहून गेले. मुलांनी तो कार्यक्रम प्रयोगशाळेतील सगळ्या संगणकांवर चढवला आणि दिवाळीच्या सुट्टीत तसाच चालू ठेवला. सुट्टी संपल्यावर आम्हाला त्या संस्थेची संकेतस्थळे उघडेनात. महाविद्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात, तो पत्ताच त्यांनी बंद केला होता. तेथील साहित्य एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी हवे होते. तिने पिंग कधी केलेही नव्हते, पण आठवडाभर ती अडकून पडली. मी क्षमापत्र लिहिले, तेव्हा दार पुन्हा उघडले. दोष मुलांचा नव्हता, पत्ता मी दिला होता.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर २००३ साली घडली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मॅडिसन येथे एक सर्व्हर होता. त्याला विचारले की तो अचूक वेळ सांगे. मे महिन्यात त्याच्याकडे वेळ विचारणाऱ्या संदेशांचा पूर सुरू झाला. जूनमध्ये सेकंदाला सुमारे अडीच लाख संदेश येऊ लागले. प्रथम हा हल्लाच वाटला. शोध घेतल्यावर कळले, की नेटगिअर कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये या सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहिलेला होता आणि उत्तर मिळाले नाही तर राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत असे. असे राउटर सुमारे सात लाख होते. कंपनीने पुढे विद्यापीठाला ३ लाख ७५ हजार डॉलर दिले. पण घरोघरी पोचलेले राउटर परत कसे बोलावणार? यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. थेंबे थेंबे तळे साचते, तसा थेंबे थेंबे पूरही येतो.

आता थोडे गणित करू. पिंगचा एक संदेश साधारण ८४ बाइटचा असतो. दर सेकंदाला एक या हिशेबाने दिवसात ८६,४०० संदेश, म्हणजे सुमारे ७.३ मेगाबाइट. हे फार नाही. वेगमापनाचे पाहा. तुमची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची असेल आणि चाचणी दहा सेकंद चालली, तर १,००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट माहिती खेचली जाते. एक वेगमापन म्हणजे जवळजवळ १५ लाख पिंग! गंमत म्हणून ते दहादा करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. त्यातही वेगमापनासाठी मुद्दाम उभारलेला सर्व्हर वापरला तर ते योग्यच आहे. परंतु वेग पाहण्यासाठी एखाद्या विद्यापीठाच्या भांडारातून मोठी फाइल पुनःपुन्हा उतरवणे आणि टाकून देणे हे योग्य नाही.

यावर कोणी म्हणेल, "सर, ८.८.८.८ तर गूगलचा. एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्या चार पिंगांनी काय होणार?" काहीच होणार नाही, हे मी मान्य करतो. पण ही सेवा डिसेंबर २००९ पासून चालते ती संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगण्यासाठी. पिंगला उत्तर देणे हा केवळ सौजन्याचा भाग आहे. सौजन्यावर हक्क सांगता येत नाही आणि त्यावर निष्कर्षही उभारता येत नाही. अनेक सर्व्हर व राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत किंवा सवडीने देतात. उत्तर आले नाही म्हणून जोडणी तुटली, असे ठरवणे शास्त्रीय नव्हे.

शिवाय आपण नेमके काय मोजतो? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नाशिकहून कॅलिफोर्निया १३ हजार किलोमीटरहून दूर आहे. जाऊन येण्यास निदान १३० मिलिसेकंद हवेत. पण समजा, ८.८.८.८ कडून १० मिलिसेकंदांत उत्तर आले. तेवढ्या वेळात प्रकाश काचेतून एकूण २,००० किलोमीटर जातो, म्हणजे उत्तर देणारा १,००० किलोमीटरच्या आतच असला पाहिजे. एकाच पत्त्याचे सर्व्हर जगात अनेक ठिकाणी ठेवलेले असतात आणि जवळचा उत्तर देतो. चार पिंगांत भौतिकीचा एवढा सुंदर धडा मिळतो. चार हजारांत यापेक्षा अधिक काय मिळणार?

मग चाचणी कशी करावी? माझ्या मते क्रम असा असावा. प्रथम आपल्याच घरातील राउटरला पिंग करावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. पुष्कळदा बिघाड येथेच, सैल तारेत किंवा अशक्त वायफायमध्ये, सापडतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते ठीक असेल तर आपल्या सेवादात्याचे दार वाजवावे. 'ट्रेसरूट'मध्ये घराबाहेरचा जो पहिला थांबा दिसतो, तो बहुधा त्याचाच असतो. त्याला आपण दरमहा पैसे देतो, तेव्हा विचारण्याचा आपला हक्क आहे. त्यानंतरच बाहेरच्या सर्व्हरकडे जावे आणि चार संदेशांत काम भागवावे. विंडोजमध्ये पिंग चार संदेशांनंतर आपोआप थांबते. लिनक्समध्ये ते आपण थांबवीपर्यंत चालू राहते, हे विसरू नये. दीर्घकाळ नोंदी हव्या असतील तर सर्व्हरच्या मालकाला आधी पत्राने विचारावे आणि दोन संदेशांत काही मिनिटांचे अंतर ठेवावे. उत्तर आले नाही तर ते अंतर वाढवावे, कमी करू नये.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. नमुना कार्यक्रमात परक्याचा पत्ता लिहू नका. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत जातो आणि तुमचे नाव विसरले गेले तरी पत्ता मात्र राहतो.

इंटरनेटवर वेळ सांगणारे अनेक सर्व्हर स्वयंसेवक पदरमोड करून चालवतात. दर हाकेला 'ओ' देणारी दारे त्यांनी आपल्या भरवशावर उघडी ठेवली आहेत. तेव्हा पुढच्या वेळी वीज येईल आणि बोटे पिंग लिहू लागतील, तेव्हा आधी राउटरची तार नीट बसली आहे का, ते पाहा.