बोली

क्रिकेटच्या लिलावाला नाकं मुरडणारे पुष्कळ. माणसांचा कसला बाजार मांडलाय, म्हणतात. मंडळी, आपल्या देवळात पावणी होते तेव्हा केळीच्या घडाला हजार रुपये बोलणाऱ्याकडे आपण कौतुकानेच पाहतो ना? मला तर कधीकधी मॅचपेक्षा लिलावच बघवतो.

2024 च्या नोव्हेंबरात जेद्दाहचा लिलाव मी बारडोलीला बहिणीकडे दोन दिवस बसून पाहिला. ऋषभ पंतचे 27 कोटी ही मथळ्याची गोष्ट. खरी गंमत उरलेल्या पैशांची. संघाला तेव्हा 120 कोटींची मर्यादा होती; ते संपत आले की टेबलावरचे चेहरे मार्चअखेरच्या आमच्या अकाउंट सेक्शनसारखे होतात! तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीची बोली 30 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली, तोवर भावजींचा चहा निवला होता.

आणि अनसोल्ड. नाव पुकारलं जातं, सभागृह गप्प. तेव्हा गोव्याकडून खेळणारा अर्जुन तेंडुलकर आधी असाच राहिला, मग मुंबईने त्याला 30 लाखांना घेतलं.

बारडोलीत बसून ही शांतता वेगळी वाटते. 1928 मध्ये वाढीव सारा न भरणाऱ्या शेतकऱ्यांची जमीन-गुरं सरकारने लिलावाला काढली, तेव्हा तालुक्यातलं कोणी बोली बोलेना. ती चुप्पी अभिमानाची होती. इथे ती एकट्या पोराच्या वाट्याला येते, आणि कॅमेरा झटकन वळतो. तिथेच त्याने जरा थांबावं. सुयश प्रभुदेसाईला 2021 मध्ये बंगळुरूने 20 लाखांना घेतलं. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसलो होतो तो त्याच एका नावासाठी.